माळरानावरच्या चराईबद्दल वनविभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य, नागपूर,
तसेच पुणे, सोलापूर, अहिल्यानगर व सातारा जिल्ह्यांतील उपवनसंरक्षक आणि कार्य आयोजना अधिकारी

विषय: पर्जन्यछायेतल्या माळरानांवरची चराई, चराईबंदी आणि वृक्षलागवड

महोदय,

पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, माण, खटाव. या पट्ट्यात आपल्या ताब्यातली बरीच जमीन कागदावर वन आहे आणि पायाखाली गवताळ माळ आहे. त्या माळावर मेंढ्या येऊ द्यायच्या की नाहीत, यावरून दर पावसाळ्यात वनरक्षक आणि वाडा (मेंढपाळ कुटुंबांचा फिरता तळ) घेऊन आलेला धनगर समोरासमोर उभे राहतात. एकाला बंदीचा आदेश पाळायचा असतो, दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत खांडाचं, म्हणजे कळपाचं, पोट भरायचं असतं. दोघांच्या हातात माळ राखण्याचं साधन मात्र कुणी दिलेलं नाही.

चरणारी जनावरं माळ घडवतात. ती केव्हा, कोणती, किती आणि किती दिवस चरली यावर पुढच्या पाच-दहा वर्षांत तिथे कोणतं गवत उभं राहील, झुडपं किती वाढतील, पाणी किती मुरेल आणि कोणते पक्षी अंडी घालतील हे ठरतं. आपल्या कार्य आयोजनांमध्ये (वनव्यवस्थापनाच्या लेखी आराखड्यांमध्ये) चराईसाठी बंद आणि चालू अशी दोनच बटणं आहेत. ती बाजूला ठेवून वेळापत्रक आणि मोजमाप आणावं, यासाठी हे पत्र आहे.

आधी गवताविषयी. शेडा, पवना, मारवेल, डोंगरी ही आपल्या माळावरची बहुवर्षायू गवतं. त्यांचा वाढीचा डोळा पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीलगत, ठोंबाच्या बुडाशी असतो. म्हणून वरचं पान खाल्लं तरी फुटवा मरत नाही, आणि झाडाच्या रोपाला न झेपणारी चराई गवताला झेपते. पण तिला मर्यादा आहे. पानांचा निम्मा भाग गेला तर मुळांची वाढ फारशी अडत नाही. ऐंशी टक्के गेला तर मुळं काही दिवस वाढणंच सोडून देतात. मुळांनी वाढ सोडली की दोन पावसांमधला खंड गवताला सोसत नाही. आपल्या पट्ट्यात साडेचारशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस आणि जुलै-ऑगस्टात हमखास उघडीप, त्यामुळे ही गोष्ट इथे जास्तच खरी ठरते.

सगळ्यात नाजूक काळ पहिल्या दमदार पावसानंतरचे चार-पाच आठवडे. उन्हाळाभर मुळांत साठवलेली शिदोरी खर्च करून ठोंब नवी पानं काढत असतो आणि ती पानं अजून कमवायला लागलेली नसतात. नेमक्या याच दिवसांत कळप सर्वात उपाशी असतात. कोकणातला पाऊस आणि चिखल मेंढीच्या खुरांना सोसत नाही, म्हणून धनगर जूनच्या आसपास घाट चढून देशावर परततात. म्हणजे गवताला विश्रांती हवी तेव्हाच मेंढीला गवत हवं असतं. माळावरच्या भांडणाचं मूळ या एका गोष्टीत आहे आणि ते पावत्या फाडून सुटणार नाही.

जनावरांतला फरकही आपल्या नियमांत दिसत नाही. गाय जिभेने गवताला वेढा घालून ओढते. अगदी जमिनीलगत तिला खाता येत नाही, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरचं खुंट मागे राहतं. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला. ती कोवळा फुटवा वेचून, पार दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खाते. शेळी मुळात पाला खाणारी. बोराटी, हेंकळ, बाभूळ, हिवर यांचे शेंडे तिला गवतापेक्षा प्रिय. म्हणून फक्त मेंढ्या चरलेल्या माळावर गवत बुटकं होतं आणि झुडपं वाढतात, शेळ्या सोबत असल्या की झुडपांना आळा बसतो, आणि गाई-गुरांमागे उंच-बुटक्या गवताचे ठिपके तयार होतात. धनगराच्या मेंढ्यांच्या खांडात काही शेळ्या असतातच. त्यांचा माळाला उपयोग आहे, आणि शेळी दिसली की आधी तिलाच हाकलायचं, ही पद्धत त्या उपयोगावर पाणी पाडते.

आता बिघाडाची उतरंड. द्वीपकल्पीय भारतातल्या गवताळ प्रदेशाला शास्त्रज्ञ सेहिमा-डायकँथियम प्रकार म्हणतात, म्हणजे शेडा-मारवेलीचा माळ. वर्षभर मोकळी चराई सुरू राहिली की पहिल्यांदा शेडा आणि पवना जातात, कारण जनावर त्यांनाच शोधून खातं आणि त्यांचं बी कधी पडतच नाही. त्यांची जागा कुसळी घेते. पुढची पायरी अॅरिस्टिडासारख्या काटक, निकस गवतांची. त्यानंतर बोटभर उंचीची, दोन महिन्यांत बी टाकून वाळणारी वर्षायू गवतं. शेवटी उघडा मुरूम. वाटेत तरवड पसरतो, कारण त्याला कुणी तोंड लावत नाही. टाकळा आणि काँग्रेस गवतही येतं. एखाद्या माळावर तरवड दाट दिसला तर तिथे गेली कित्येक वर्षं जास्त जनावरं, जास्त दिवस चरली आहेत असं बहुधा समजावं.

कुसळीबद्दल थोडं अधिक. तिचं बी टोकदार असतं आणि त्याचं कुसळ दमट हवेत पिळा सोडतं, कोरड्या हवेत पुन्हा घालतं. या फिरण्यामुळे बी जमिनीत घुसतं, तसंच लोकरीतून मेंढीच्या कातडीतही घुसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळीच्या माळावर चरलेल्या मेंढीच्या तोंडात, डोळ्यांत आणि कातड्यात कुसळं सापडतात. त्यामुळे त्या दिवसांत मेंढका कुसळीचा माळ टाळतो आणि उरलेल्या चांगल्या गवतावर दुप्पट भार टाकतो. परिणामी कुसळीला बी टाकायला मोकळं रान मिळतं आणि शेड्याला विश्रांती मिळत नाही. उपाय सोपा आहे, पण तारखेवर अवलंबून आहे. तुरे बाहेर पडण्याआधी, ऑगस्ट ते मध्य-सप्टेंबर या काळात कुसळी गोड असते. तेव्हा तिथे कळप घातला तर तिचं बी कमी पडतं. बंदीच्या काळात हीच खिडकी निसटते.

चराई पूर्ण बंद केली तर काय होतं? पहिली दोन-तीन वर्षं चित्र सुखद असतं. उघडा मुरूम झाकला जातो, शेडा-मारवेल परततात, ओघळी थांबतात. फार झिजलेल्या माळाला ही विश्रांती द्यायलाच हवी, तिथे आमची तक्रार नाही. तक्रार पुढच्या वर्षांची आहे. न खाल्लेलं, न कापलेलं गवत उभंच वाळतं आणि ठोंबावर साचतं. नव्या फुटव्याला उजेड मिळत नाही. ठोंबाचा मध्य मरून कडेला पोकळ कडं उरतं. गवतातल्या फटींत उगवणाऱ्या शेंगवर्गीय आणि फुलझाडांच्या जाती विरळ होतात. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये एक ठिणगी पडली की हेक्टरी दोन-तीन टन वाळलेला जाळ एकदम पेटतो. असा वणवा रोपं, झुडपं आणि जमिनीवरची घरटी काहीच सोडत नाही. जाळरेषांवर (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर) होणारा खर्च काही अंशी आपणच साठवलेल्या जळणापायी असतो.

कास पठाराचं उदाहरण आपल्या विभागाला ठाऊक आहे. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, पर्यटक वाढले, जाळीचं कुंपण आलं, गुरांचा वावर तुटला. कासची फुलं म्हणजे बहुतेक वितभर उंचीच्या वर्षायू वनस्पती: गेंद, सीतेची आसवं, तेरडा. उंच गवताने वरून छत धरलं तर त्यांना तग धरता येत नाही. फुलं कमी झाल्याची ओरड झाली, चराईची चर्चा झाली आणि अखेर कुंपण काढावं लागलं. पर्यटकांची पावलं रोखणं आवश्यकच होतं. गुरांची पावलंही त्याच जाळीने रोखली गेली, आणि ती तिथल्या परिसंस्थेचा भाग होती.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हेच पाण्यात घडलं. १९८२ मध्ये म्हशींना बंदी झाली. पुढच्या काही वर्षांत पास्पालम नावाचं पाणगवत इतकं माजलं की उघडं पाणी आक्रसलं आणि पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) त्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिलं की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. बंदी घालताना हा हिशेब कुणी मांडला नव्हता. तेव्हापासून गवत यंत्राने आणि माणसांकरवी काढण्याचे खटाटोप करावे लागले.

माळावरच्या प्राण्यांना एकसारखं गवत नकोच असतं. धाविक आणि चंडोल या पक्ष्यांना उघडी, बुटक्या गवताची जमीन लागते. हिवाळी पाहुणे असलेले भोवत्या (शिकारी पक्षी) रात्री उंच गवतात मुक्काम करतात. तणमोराला लपायला गवत हवं. काळवीट बुटक्या गवतात वावरतं, कारण लांबून लांडगा दिसला पाहिजे. पाडस मात्र उंच गवतात दडवतं. माळ सगळा उंच झाला तरी काही जाती जातात, सगळा बुटका झाला तरी काही जातात. हे ठिगळकाम जनावरांच्या तोंडाने आणि खुरांनी होतं. शेणावर जगणारे किडे आणि त्यांवर जगणारे पक्षीही याच साखळीत आले. रेहेकुरी अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत आहे, मयूरेश्वर पाचाच्या आसपास. एवढ्या तुकड्यांत काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड यांचं भागत नाही. ते सभोवतालच्या चरल्या जाणाऱ्या माळांवर जगतात. दख्खनच्या लांडग्याच्या आहाराचा मोठा भाग शेळ्या-मेंढ्या आहेत. मेंढपाळ उठवला तर लांडग्याचं काय, हा प्रश्न आपल्या वन्यजीव शाखेनेच प्रादेशिक शाखेला विचारायला हवा.

शिवाय ही चराई कालची नाही. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडं होत गेलं तशी तिथली शेती आक्रसली आणि शेळ्या-मेंढ्यांवरचा भर वाढला. काळवीट, चिंकारा आणि पाळीव कळप यांच्याखाली हे माळ सहस्रकं टिकून आहेत. जंगल तुटून उरलेली जागा समजून त्यांच्यावर उपचार करणं, हीच पहिली चूक.

तो उपचार म्हणजे वृक्षलागवड. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने दोन कोटींपासून ३३ कोटींपर्यंत रोपांची उद्दिष्टं ठेवली. उद्दिष्ट मोठं असलं की मोकळी दिसणारी जागा आधी शोधली जाते, आणि माळ मोकळा दिसतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही असे माळ पडीक म्हणूनच रंगवले जातात. मग चर निघतात. साधा हिशेब करू. दर दहा मीटरला एक सलग समतल चर काढला तर हेक्टरी हजार मीटर लांबी होते. साठ सेंटिमीटर रुंदीचा चर आणि त्याच्या खालच्या अंगाला मीटरभर रुंदीचा वरंबा धरला, तर हेक्टरातली सोळाशे चौरस मीटर, म्हणजे सोळा टक्के जमीन खणली किंवा मुरमाखाली गाडली जाते. तिथले शेड्याचे ठोंब परत येत नाहीत. येतात तरवड आणि काँग्रेस गवत. पंधरा-वीस सेंटिमीटर मातीखाली मुरूम असलेल्या ठिकाणी पंचेचाळीस सेंटिमीटरच्या खड्ड्यात लावलेलं रोप खड्ड्यातच मुळं फिरवत राहतं. टँकर थांबला की वाळतं. टिकतं ते गिरिपुष्प, कारण त्याला जनावर सहसा तोंड लावत नाही. आणि जे जनावर खात नाही ते माळावर वाढवणं म्हणजे माळाचा उपयोगच संपवणं. कार्बन साठवण्याचं कारण सांगितलं जातं. गवताळ माळाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, वणव्यात तो जात नाही. चर खणताना मात्र तीच माती उघडी पडते.

वेड्या बाभळीविषयी वेगळा इशारा. गुजरातमधल्या बन्नीत साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती वनविभागानेच लावली, खारटपणा रोखण्यासाठी. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि आशियातल्या एका मोठ्या गवताळ प्रदेशाचा बराच भाग काटेरी झुडपांखाली गेला. आपल्याकडेही ओढ्याकाठची, तळ्याकाठची वेडी बाभूळ माळाकडे सरकते आहे. शेंगा उन्हाळ्यात पिकून पडतात. शेळ्या-मेंढ्यांच्या चघळण्यात बरंच बी मरतं, गाई-गुरांच्या पोटातून जास्त जिवंत बाहेर येतं. म्हणून शेंगांवर चरलेला कळप, विशेषतः गुरं, स्वच्छ माळावर आणण्याआधी आठवडाभर दुसरीकडे ठेवावीत. माळावर उगवलेलं रोप पहिल्या पावसात, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावं. नुसतं कापलं तर बुडातून पाच-सहा फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी काम चौपट होतं.

आता किती जनावरं चारायची त्याचा हिशेब. वनरक्षकाला एका दिवसात शिकता येईल असा आहे. एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी चौकट घ्यायची. ऑक्टोबरच्या मध्यावर, गवत पूर्ण वाढलेलं असताना, माळावर वीस ते तीस ठिकाणी ती टाकायची. जागा निवडायची नाही. ठरावीक पावलं चालून पडेल तिथे टाकायची, नाहीतर हात आपोआप दाट गवताकडे जातो आणि आकडा फुगतो. आतलं गवत जमिनीपासून तीन सेंटिमीटरवर कापायचं, वजन घटणं थांबेपर्यंत वाळवायचं, मोजायचं. सरासरी ग्रॅमला दहाने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. झिजलेल्या माळावर साठ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी सहाशे किलो निघेल. चांगल्या शेडा-मारवेलीच्या माळावर दोन हजार किंवा जास्त.

यातलं निम्मं माळासाठी सोडायचं. ते बी, सावली, मातीचं पांघरूण, किड्यांचं आणि काळविटांचं. उरलेल्या निम्म्याला मेंढीच्या रोजच्या खाण्याने भागायचं. अठ्ठावीस-तीस किलोच्या दख्खनी मेंढीला दिवसाला सुमारे नऊशे ग्रॅम कोरडा चारा लागतो. चार महिन्यांचे एकशे वीस दिवस धरले तर एका मेंढीला एकशे आठ किलो. हेक्टरी दोन हजार किलोचा माळ नऊ मेंढ्या पोसतो, सहाशे किलोचा तीनसुद्धा जेमतेम. दोनशे मेंढ्यांच्या खांडाला पहिल्या माळावर बावीस हेक्टर पुरतात, दुसऱ्यावर बहात्तर लागतात. माळ सुधारला तर तेवढ्याच जमिनीवर तिप्पट जनावरं राहू शकतात, हे मेंढपाळाला पटवून द्यायला भाषण लागत नाही, चौकट आणि तराजू पुरतो. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीहून अधिक शेळ्या नोंदल्या गेल्या. त्या कुठेतरी चरणारच आहेत. एका कंपार्टमेंटला (वनखंडाला) बंदी घातली की शेजारच्या गायरानावर दुप्पट भार पडतो, आणि आपल्या नोंदवहीत तो दिसत नाही.

वेळापत्रक असं असू शकतं. शंभर हेक्टरच्या माळाचे चार तुकडे पाडा. ओढा, पायवाट, बांध यांच्या सीमा घ्या, तारेचं कुंपण नको. पहिला तुकडा पहिल्या दमदार पावसानंतर चार-पाच आठवड्यांनी, गवत पंधरा सेंटिमीटरला आलं की उघडायचा आणि मध्य-ऑगस्टला बंद करायचा. आपल्या पट्ट्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, त्यामुळे या तुकड्याला पुन्हा वाढून थोडंफार बी टाकायला वेळ मिळतो. दुसरा तुकडा मध्य-ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर. एखाद्या तुकड्यात कुसळी असेल तर तो या वेळेसाठीच धरायचा. तिसरा पावसाळाभर बंद, बी पडून गेल्यावर मध्य-नोव्हेंबरनंतर उघडायचा. तेव्हा खुरांनी बी जमिनीत दाबलं जातं, जे पेरणी यंत्रालाही नीट जमत नाही. चौथा कापणीचा: ऑक्टोबरात गवत कापून गंजी लावायची, दर पाचवा पट्टा बियाण्यासाठी उभा सोडायचा. पुढच्या वर्षी पहिला तुकडा तिसऱ्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या, दुसरा चौथ्याच्या आणि चौथा पहिल्याच्या. चार वर्षांत प्रत्येक तुकडा चारही वेळांमधून जातो आणि कुठल्याही तुकड्याला लागोपाठ दोन वर्षं कोवळेपणी तोंड लागत नाही. चराई पुढे ढकलून तिला असा फेरा देण्याची पद्धत झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेच्या कामातून आपल्या विभागाला अपरिचित नसावी.

किती दिवस? पंचवीस हेक्टर, हेक्टरी सहाशे किलो: पंधरा हजार किलो, निम्मं साडेसात हजार, म्हणजे सुमारे ८,३०० मेंढी-दिवस. दोनशेच्या खांडाला एकेचाळीस दिवस. पहिल्या तुकड्यात गवत अजून वाढायचं असतं, म्हणून तिथे दिवस निम्मे धरावेत. दिवसांच्या वर एक नियम ठेवावा: शेडा-मारवेलीची सरासरी उंची दहा सेंटिमीटरखाली गेली की कळप बाहेर, दिवस उरले असले तरी. आणि ऑगस्टअखेर पाऊस नेहमीच्या निम्म्याहून कमी असेल तर त्या वर्षीचे दिवस तिथेच निम्मे करून गंजी उघडावी. दुष्काळात हा निर्णय ऑक्टोबरपर्यंत लांबला की माळ तीन वर्षं मागे जातो.

पहिल्या चार-पाच आठवड्यांत कळपांनी कुठे जायचं? चौथ्या तुकड्याची गंजी याचसाठी. वाळलेल्या गवतात कच्ची प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात, आणि सातच्या खाली गेलं की जनावराच्या पोटातले जिवाणू मंदावतात, खाणंच कमी होतं. म्हणून गंजीसोबत थोडी पेंड किंवा बाभळीच्या शेंगा द्याव्या लागतात. देशी बाभळीच्या, वेडीच्या नव्हेत. याच काळात आणखी एक धोका असतो. उपाशी कळप लुसलुशीत गवतावर एकदम सुटला की आंत्रविषाराने मेंढ्या, विशेषतः कोकरं, पटापट दगावतात. मे महिन्यात लस दिली तर हे टळतं. पशुसंवर्धन विभागाची लसीकरण फेरी आणि आपला माळ उघडण्याचा दिवस एकमेकांना जोडता आले तर मेंढपाळाकडे वेळापत्रक पाळण्याचं स्वतःचं कारण असेल.

काही बारीक गोष्टी इथेच सांगतो, कारण योजना बहुधा त्यांच्यावरच अडतात. पाणवठा तुकड्याच्या मधोमध ठेवला तर त्याच्याभोवती अर्धा किलोमीटरचा माळ तुडवून उघडा होतो. पाण्याच्या दोणी तुकड्यांच्या सीमेवर ठेवाव्यात आणि विश्रांतीतल्या तुकड्याची दोण कोरडी ठेवावी. कुंपणापेक्षा हे स्वस्त पडतं. रात्री वाघुरीत (जाळीच्या फिरत्या कोंडवाड्यात) मेंढ्या बसवायच्या त्या उघड्या मुरमाच्या ठिगळांवर. आधी शेड्याचं बी फेकायचं, दोन-तीन रात्री कळप बसवायचा, लेंडी आणि खुर मिळून पेरणी करतात. चौथ्या रात्री मुक्काम हलवायचा, नाहीतर नत्र जास्त होऊन टाकळा आणि काँग्रेस गवत उठतं. बी स्थानिक माळावरूनच घ्यावं, हेक्टरी चार-पाच किलो. ताजं बी नीट उगवत नाही, म्हणून नोव्हेंबरात गोळा करून पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडं ठेवावं. सेंटिमीटरभरापेक्षा खोल गाडू नये. मारवेल बियांपेक्षा ठोंबाने चांगली लागते. पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरवर लावली तर हेक्टरी चाळीस हजार ठोंब लागतात, म्हणून ती ओघळींच्या कडांपुरतीच लावावी. परदेशी स्टायलो (शेंगवर्गीय चारा) मात्र चांगल्या माळावर टाकू नये. बांधावर, गंजीच्या रानात ती ठीक. माळावर ती देशी शेंगवर्गीयांची जागा घेते.

थोडा वेळ खूप जनावरं दाटीने चारली की कुठलीही जमीन हिरवी होते, असा दावा जगभर फिरतो आहे. आम्ही तो करत नाही. आपल्या पातळ मुरमाड मातीवर दाटीने चारणं, विशेषतः ओल्या जमिनीवर, माती घट्ट करतं आणि पाणी मुरणं थांबवतं. वर दिलेले आकडे सावध आहेत आणि सावधच ठेवावेत.

कायद्याची अडचण सांगितली जाते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ ने राखीव वनात गुरं चारणं गुन्हा ठरवलं आहे, हे खरं. पण वन हक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि फिरस्त्या दोन्ही पशुपालकांचा चराईचा हक्क, भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्क, स्पष्ट शब्दांत मान्य आहे. फिरस्त्या धनगरांचे दावे या कलमाखाली क्वचितच मंजुरीपर्यंत पोहोचतात, कारण ते कोणत्या ग्रामसभेचे हे ठरत नाही. वाटेवरच्या गावांच्या ग्रामसभा, वनविभाग आणि वाड्याचे प्रमुख यांनी तुकडे आणि तारखा एका कागदावर मान्य केल्या तर दाव्यालाही आधार मिळेल आणि वनरक्षकालाही रोज नवा निवाडा करावा लागणार नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. ज्या माळावर बहुवर्षायू गवताचे ठोंब शाबूत आहेत तिथे खड्डे आणि चर ताबडतोब थांबवा. ओळखायला शंभर पावलं चालावीत, प्रत्येक पावलाच्या टोकाशी काय आहे ते लिहावं. तीसहून जास्त ठिकाणी ठोंब आला तर तो माळ आहे, लागवडीची जागा नाही. पुढच्या कार्य आयोजनांत अशा क्षेत्रांसाठी स्वतंत्र गवताळ कार्यवर्तुळ (एकाच पद्धतीने सांभाळायच्या क्षेत्रांचा गट) ठेवा आणि त्याचं यश जगलेल्या रोपांत न मोजता चौकटीतल्या गवतात, उघड्या मातीच्या टक्क्यांत आणि शेड्याच्या ठोंबांत मोजा. चारही जिल्ह्यांत प्रत्येकी एक शंभर हेक्टरचा माळ निवडून चार तुकड्यांचा फेरा चार वर्षं चालवा. शेजारी दहा बाय दहा मीटरचे पाच-सहा जाळीबंद चौकोन ठेवा, म्हणजे चरलेला आणि न चरलेला भाग कुणालाही डोळ्यांनी पडताळता येईल. नोंदवही मेंढपाळांना वाचायला खुली ठेवा आणि मोजणीच्या दिवशी त्यांना सोबत घ्या. कोणता ठोंब कुठे कमी झाला हे त्यांना आधी दिसतं.

चौकटीची पहिली मोजणी येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करता येईल. चौकटी, तराजू आणि गवतं ओळखणारी माणसं आमच्याकडे आहेत. परिक्षेत्रांची यादी कळवावी.

आपले,
पर्जन्यछायेतल्या माळरानांवर काम करणारे गवत-अभ्यासक, पशुवैद्य आणि मेंढपाळ